जकातीचा हिशेब आणि देण्याची रीत

जकात म्हणजे मुसलमानाने आपल्या साठलेल्या मालातून दरवर्षी गरजूंना द्यायचा अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा. तिचा हिशेब ईदच्या आदल्या रात्री करायला बसू नये. त्या रात्री शिरखुर्म्यासाठी दूध आटत असतं, कुणाच्या तरी सलवारीला नाडी घालायची राहिलेली असते, आणि मग घाईघाईत पाचशेच्या चार-सहा नोटा बाजूला काढून घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढे पुरे." पैसे जातात गरजवंतालाच, पण आपली जकात फिटली की नाही, हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही.

मी गोव्यात, फोंड्याला राहते. एका पतसंस्थेत हिशेबनीस होते, आता निवृत्त आहे. शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना लागला की ओळखीपाळखीच्या बायका पासबुकं, सोनाराच्या पावत्या आणि भिशीच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. शरियतचा पेच आला तर मी त्यांना मौलानांकडे पाठवते. आकडेमोड आणि देण्याची रीत एवढंच माझ्याकडे. या कामात एक गोष्ट मी कायम समोर ठेवते. कुरआनच्या मआरिज सूरहमध्ये (अध्यायात) म्हटलं आहे की मोमिनांच्या (श्रद्धावंतांच्या) मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. दुसऱ्याचा हक्क आपल्या कपाटात पडून आहे म्हटल्यावर तो किती आहे, हे पैशापर्यंत मोजायलाच हवं. तो पोचता केल्यावर जे देऊ, ती आपली उदारता.

आधी तारीख, मग तोळा

ज्या चांद्र तारखेला तुमच्याकडे पहिल्यांदा निसाबाएवढी, म्हणजे जकात लागण्याइतकी पुंजी जमली, ती तुमची जकातीची तारीख. ती आठवत नसेल तर विचार करून एक तारीख ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. बहुतेक जण रमजानमधली ठेवतात, ते सोयीचंही असतं. वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचं. ज्यांचा हिशेब दुकानाच्या एप्रिल-मार्च वर्षाशी बांधलेला आहे, त्यांनी अडीचऐवजी २.५७७ टक्के धरावे, म्हणजे जास्तीच्या दिवसांची भरपाई होते.

निसाब म्हणजे ज्या मर्यादेपासून जकात लागते ती. सोन्याची साडेसात तोळे आणि चांदीची साडेबावन्न तोळे. इथे थांबा, कारण चूक बहुधा इथेच होते. किताबांतला तोळा ११.६६४ ग्रॅमचा आहे. फोंड्याच्या किंवा मडगावच्या बाजारात सोनार आज तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. म्हणून तोळ्यात बोलूच नका, ग्रॅममध्ये लिहा: सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. सोनाराच्या तोळ्याने सोन्याची मर्यादा पावणेनऊ तोळ्यांवर जाते.

कुणाकडे नुसतं सोनं आहे आणि रोख अजिबात नाही, तर सोन्याची मर्यादा. पण सोन्याबरोबर थोडी रोकड, थोडी चांदी, दुकानातला माल असं मिसळलेलं असेल, तर सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या मर्यादेशी ताडायची. चांदीची मर्यादा रुपयांत खूपच खाली असते, म्हणून "आमच्याकडे कुठे साडेसात तोळे आहेत?" म्हणणाऱ्या कितीतरी घरांवर प्रत्यक्षात जकात लागते. हे मी हनफी पद्धतीप्रमाणे लिहिते आहे. हनफी आणि शाफई ही शरियतची दोन वेगळी मतं. शाफई मताप्रमाणे नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. तुमचं घर कोणत्या मताचं आहे ते आधी पाहा, आणि एक मत धरलं की फायद्यासाठी दुसऱ्यावर उडी मारू नका.

आणखी एक. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात. जकातीत तसं नाही. बायकोचं सोनं तिचं, त्यावरची जकात तिची. नवरा तिला विचारून तिच्या वतीने भरू शकतो, पण हिशेब वेगळा मांडायचा. माझ्याकडे जोडपं आलं तर मी दोन कागद घेते.

कागदावर काय लिहायचं

डावीकडे जे आहे ते: सोनं-चांदी त्या दिवशीच्या विक्रीच्या दराने (मजुरी धरायची नाही), बँकेतली आणि घरातली रोकड, परत येण्याची आशा असलेली उसनवारी, दुकानातला माल विक्रीच्या किमतीने, विकण्याच्याच इराद्याने घेतलेला प्लॉट. भिशीचा नंबर अजून लागला नसेल तर आजवर भरलेले हप्ते तुमचेच, ते डावीकडे. नंबर लागून रक्कम उचलली असेल तर उरलेले हप्ते कर्ज, ते उजवीकडे. भिशी विसरत नाही अशी बाई मला क्वचितच भेटते.

राहतं घर, स्कूटर, फ्रिज, शिलाई मशीन, टॅक्सीवाल्याची टॅक्सी यांवर जकात नाही, कारण ती वापरायची किंवा पोटापाण्याची साधनं आहेत. कळंगुटला भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरही नाही. मात्र त्या भाड्यातून साठलेल्या पैशावर आहे. बँकेचं व्याज डावीकडे घ्यायचं नाही, ते आपलं नव्हेच. ते सवाबाची, म्हणजे पुण्याची अपेक्षा न धरता गरजूला देऊन टाकायचं, आणि ते जकातीत मोजायचं नाही.

उजवीकडे देणी: दुकानदाराची उधारी, चालू हप्ता, लवकर फेडायचं कर्ज. घराच्या वीस वर्षांच्या कर्जाची सगळी रक्कम वजा करायची की नाही, हे मौलानांना विचारा.

एक उदाहरण घ्या. समजा २२ कॅरेटचे ४० ग्रॅम दागिने आहेत आणि त्या दिवशीचा दर ग्रॅमला ९,००० रुपये आहे. झाले ३,६०,०००. बँकेत ८५,०००. भिशीत भरलेले, नंबर न लागलेले ३०,०००. भावाला उसने दिलेले २०,०००. एकूण ४,९५,०००. त्यातून २५,००० देणी वजा केली की उरले ४,७०,०००. चाळीसने भागा: ११,७५०. एवढी जकात. वर्षाच्या मध्ये आलेला पैसा वेगळा काढत बसू नका. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला म्हणजे शेवटच्या दिवशी जे हातात आहे, त्या सगळ्यावर हिशेब.

ज्यांच्याकडे काजूची बाग किंवा माडांचं भाट आहे, त्यांना वेगळा नियम लागतो. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः खर्च करून पाणी घातलेल्याचा विसावा. तो वर्षाने नव्हे, पीक हाती आलं की द्यायचा. इमाम अबू हनीफा यांच्या मते फळभाज्यांवरही आहे आणि किमान मर्यादा नाही. इतर इमामांच्या मते टिकाऊ धान्यांसारख्या पिकांवरच, आणि पाच वस्कांच्या (वस्क हे धान्याचं जुनं माप) वर. आपल्याकडच्या जमिनीला उश्र लागतो का यावरही उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. म्हणून काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या, बिया व्यापाऱ्याला घालून झाल्यावर नको.

कुणाला

तौबा सूरहच्या ६० व्या आयतीत (वचनात) आठ हकदार सांगितले आहेत: फकीर (गरीब), मिस्कीन (निर्धन), जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सोडवायचे ते, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटसरू. आज आपल्या गावात प्रामुख्याने फकीर, मिस्कीन आणि कर्जदार दिसतात. परगावाहून आलेला, पाकीट हरवून मडगाव स्टेशनवर अडकलेला माणूस घरी लखपती असला तरी त्या वेळेपुरता वाटसरूच.

आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना जकात चालत नाही; त्यांना सांभाळणं तसंही आपल्यावरच आहे. सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या घराण्याला चालत नाही. पण बहीण, भाऊ, आत्या, मावशी, त्यांची मुलं गरजू असतील तर चालते, आणि त्यांना आधी द्यावी. नात्यातल्याला दिलं की दानाचाही सवाब मिळतो आणि नातं जोडल्याचाही, असं पैगंबरांनी सांगितलं आहे. माझा अनुभव असा की विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या बहिणीची नड भावांना सर्वांत शेवटी दिसते, कारण ती माहेरी येते तेव्हा चांगली साडी नेसून येते. बकरा सूरहची २७३ वी आयत याच माणसांबद्दल आहे: ते मागत नाहीत म्हणून अजाण माणूस त्यांना सधन समजतो, पण चेहऱ्यावरून त्यांना ओळखता येतं. दारावर येणाऱ्याला जरूर द्या. पण जकातीचा मोठा भाग न येणाऱ्यासाठी राखून ठेवा. तो शोधायला किराणा दुकानदाराची उधारीची वही आणि औषधाच्या दुकानातला पोरगा जेवढी मदत करतात, तेवढी कोणतीही यादी करत नाही. विचारताना कारण मात्र सांगू नका.

मशिदीचं छप्पर, रस्ता, कब्रस्तानाची भिंत यांसाठी जकात चालत नाही. हनफी मतात जकात माणसाच्या मालकीची व्हायला लागते. ही कामं करा, पण आपल्या बाकीच्या पैशातून. इस्पितळाचं बिल भरायचं असेल तर पैसे आधी रुग्णाच्या हाती द्या किंवा त्याच्या संमतीने त्याच्या वतीने भरा. कुणी तुमचे पैसे देणं लागत असेल तर "सोडले, ती माझी जकात" म्हणून भागत नाही. त्याला जकात द्या. ती त्याची झाली. मग त्याने त्यातून कर्ज फेडलं तर फेडलं. जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे असं बहुतेक उलेमा मानतात. सदक्याला, म्हणजे स्वखुशीच्या दानाला मात्र अशी कोणतीही हद्द नाही. शेजारची हिंदू किंवा ख्रिस्ती बाई अडचणीत असेल तर तिला त्यातून द्या, हात आखडू नका.

कसं

माझं सगळ्यात जास्त बोलणं या भागावर असतं, कारण आकडा बरोबर असूनही देणं इथे बिघडतं.

घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगावं लागत नाही. देताना किंवा रक्कम बाजूला काढताना मनात नियत असली की पुरे. तोंडाने ईदी म्हणा, मुलीच्या पुस्तकांसाठी म्हणा, "ठेवा, कामाला येतील" म्हणा. मुलांच्या हातून पाकीट धाडू नका. शेजारच्या खिडकीतून दिसतं आणि मुलं वर्गात बोलतात. भरल्या घरात, जेवणाच्या पंगतीत, हळदीच्या रात्री देऊ नका. आपण स्वतः जा, बसा, त्यांच्या घरचा चहा प्या. चहा नाकारून पाकीट पुढे करणं मला अपमानासारखं वाटतं. ज्याच्या घरी आपण काही खाल्लं-प्यालं, त्याच्याशी देवघेव झाली. मग तो नुसता घेणारा राहत नाही.

रमजानमध्ये धान्याच्या पिशव्या वाटताना बायकांना रांगेत उभं करून फोटो काढतात, ते बंद व्हायला हवं, असं मी जिथे बोलायला मिळतं तिथे बोलते. हिशेब दाखवायला फोटो लागतो असं सांगतात. हिशेब दाखवायला सहीची वही लागते, पावती लागते. चेहरा लागत नाही. दान उघडपणे केलंत तरी चांगलं, पण लपवून गरिबाला दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं, असं कुरआनात आहे. आणि उपकार बोलून दाखवून, दुखवून आपलं दान वाया घालवू नका, अशी ताकीदही तिथेच आहे. उपकार शब्दांनीच बोलून दाखवला जातो असं नाही. पिशवी धरलेल्या बाईचा फोटो तिच्या मुलाच्या मोबाईलवर आला की तेच झालं.

वस्तू द्यायची तर स्वतः आनंदाने घेतली असती अशी द्या. डोळे मिटल्याशिवाय जी तुम्ही स्वतः घेणार नाही ती वाईट वस्तू द्यायला काढू नका, हेही बकरा सूरहमध्ये आहे. अळ्या लागलेला तांदूळ आणि चेन तुटलेली स्कूलबॅग मी कितीतरी घरांतून परत पाठवली आहे. जकातीतून शिलाई मशीन दिलं असेल तर ते तिचं झालं. सहा महिन्यांनी जाऊन "मशीन दिसत नाही?" असं विचारायचा हक्क तुम्हाला नाही. तिने विकून घरभाडं भरलं असेल तर तिला भाड्याची गरज जास्त होती.

वेळेचाही विचार करा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, पण गरिबीचं कॅलेंडर आपल्याकडे पावसावर चालतं. मे महिन्यात सगळा गोवा पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो: उकडा तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी, सोलां, चिंच. ज्या घरात तेव्हा एकरकमी पैसा नसतो, ते घर पुढे चार महिने हेच सगळं सुटं आणि महाग घेतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. जेटीवर बर्फ आणि टोपल्या वाहणाऱ्यांची कमाई आटते. बांधकामाची कामं मंदावतात. जकात तारखेच्या आधी देता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढच्या वर्षाची अंदाजे रक्कम धरा, त्यातला मोठा हिस्सा मेमध्ये द्या, वहीत लिहा, आणि तारखेला हिशेब केल्यावर जे कमी पडेल ते भरा. विखुरलेल्या शंभर-शंभरच्या नोटांपेक्षा एका घराचं पुरुमेंत पुरं होईल एवढं एकदम देणं मला जास्त पटतं.

फित्रा, म्हणजे रमजान ईदचं दान, वेगळा. तो ईदच्या नमाजाआधी पोचला पाहिजे, म्हणजे त्या घरातही ईद होते. घरच्या कर्त्याने स्वतःचा आणि लहान मुलांचा द्यायचा. गव्हाच्या हिशेबाने माणशी पावणेदोन किलोच्या आसपास किंवा त्याची किंमत. आकडा मशिदीत जाहीर होतो. चांद दिसायची वाट पाहू नका, दोन दिवस आधी द्या, बाजार उघडा असताना.

शेजारच्या दाराशी

हदिया म्हणजे भेट. तिथे टक्केवारी नाही आणि घेणारा गरीब असायची अटही नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी त्यांना विचारलं, मला दोन शेजारी आहेत, भेट कुणाला पाठवू? उत्तर मिळालं, ज्याचं दार तुझ्या जवळ आहे त्याला. आपले साथी अबू जर यांना पैगंबरांनी सांगितलं होतं, रस्सा शिजवशील तर पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. दुसरे साथी अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी घरच्यांना विचारलं, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे पाठवलंत का? फोंड्यासारख्या गावात, जिथे एका भिंतीपलीकडे देवघर आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे क्रूस असतो, तिथे या गोष्टी आचरायला फार लांब जावं लागत नाही.

पण विचारून पाठवा. शिरखुर्मा बहुतेक घरांत चालतो, तरी त्याचं भांडं मटणाच्या भांड्यांपासून वेगळं ठेवा आणि तसं सांगा, म्हणजे समोरच्या काकींना संकोच वाटत नाही. ईद श्रावणात आली किंवा त्यांचा उपास असला तर सुका मेवा द्या. ख्रिस्ती शेजाऱ्यांचा लेंट चालू असेल तर शुक्रवारी मटण नको. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे करतात: घर, नातेवाईक-मित्र, गरीब. शेजाऱ्याला त्यातलं द्यायचं तर आधी तोंडाने विचारा. न विचारता डबा पुढे केला तर नाही म्हणायची अवघड वेळ त्यांच्यावर येते.

आणि घ्यायला शिका. पैगंबर भेट स्वीकारत आणि तिची परतफेडही करत. चवथीला नेवऱ्या येतात, नाताळात दोदोल आणि बेबिंकाचा तुकडा येतो. प्रसादाचं काय, दारू घातलेल्या केकचं काय, हे प्रश्न खरे आहेत. जे खायचं नाही त्याबद्दल प्रेमाने एकदा स्पष्ट सांगावं. आमच्या शेजारची बाय आता केकचा एक तुकडा दारूशिवाय वेगळा करते. ताट रिकामं परत करू नये, ही रीत इथे तिन्ही धर्मांत आहे. निदान मूठभर साखर घाला.

टिकणारं देणं, आणि मुलांचं

कायमचं काही करायचं असेल तर वक्फ, म्हणजे मालमत्ता धर्मकार्यासाठी कायमची राखून ठेवणं. हजरत उमर यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की मूळ राखून ठेव आणि उत्पन्न दान कर. ती विकायची नाही, भेट द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. हजरत उस्मान यांनी मदीनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना मोकळी केली. मोठं काही जमत नसेल तर चार घरांनी मिळून बोअरिंगचा पंप दुरुस्त ठेवणं घ्या. फोंड्यातल्या, आदिलशाही काळातल्या सफा मशिदीची तळी बांधणाऱ्यांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत, तळी आहे.

मुलांना देताना समान द्या. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला भेट दिली आणि पैगंबरांना साक्षीदार व्हायला सांगितलं. त्यांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर ते साक्षीदार झाले नाहीत. लेकीला लग्नात दिलं म्हणून पुढे काहीच नको, हे गणित मला आवडत नाही.

हिबा, म्हणजे हयातीत दिलेली भेट, ताब्याशिवाय पुरा होत नाही. मुलीच्या नावावर खोली करून किल्ली आणि भाडं आपल्याकडेच ठेवलं, तर दिलं असं म्हणू नका. आणि आपल्या गोव्यात घर-जमिनीचा कागद करताना नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला आपला वारसा कायदा मुसलमानांनाही लागू आहे. मुलं असतील तर आपल्या हिश्श्यातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव राहतो आणि मृत्युपत्राने फक्त उरलेला अर्धा देता येतो. शरियतमध्ये वसीयत एक तृतीयांशापर्यंत, तीही वारसांखेरीज इतरांसाठी. साद बिन अबी वक्कास या आपल्या साथीदाराला पैगंबरांनी तेवढंही पुष्कळ आहे असं सांगितलं होतं. म्हणजे यतीमखान्याला (अनाथालयाला), मदरशाला किंवा गरीब भाच्याला काही ठेवून जायचं असेल, तर आपल्या हिश्श्याच्या तिसऱ्या भागाच्या आत राहा. दोन्हीकडच्या मर्यादा पाळल्या जातात. जागेचा उतारा, लग्नाचा दाखला आणि दोघांची ओळखपत्रं घेऊन वकिलाकडे जा, आणि जाताना मोठ्या मुला-मुलींना बरोबर घ्या, म्हणजे काय ठरलं ते त्यांना तुमच्याच तोंडून कळेल.